झाडं आहेत म्हणून निर्धास्त राहायचं का? बर्फातल्या स्कीइंगबद्दल वाचकांचे प्रश्न

सीझन जवळ आला की तुमचे मेल वाढतात. या वेळी बहुतेकांचं विचारणं एकाच गोष्टीभोवती फिरतंय, झाडांमधलं स्कीइंग आणि ॲव्हलांच, म्हणजे डोंगरावरून सुटून येणारा बर्फाचा लोंढा, म्हणून हा अंक त्यालाच दिलाय.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मित्र फेब्रुवारीत गुलमर्गला चाललोय. दोघांचा तिथला बेसिक आणि इंटरमीडिएट कोर्स झालाय, बाकी दोघं बाहेर शिकलेत. मागच्या वेळी तिथे सगळ्यांच्या तोंडी एकच ऐकलं, की बर्फ जोरात पडत असला आणि वरचा गोंडोला (केबल कार) बंद असला की सरळ झाडांत घुसायचं, मंकी हिल नाहीतर बाबारेशीच्या बाजूला, झाडांत ॲव्हलांच येत नाही. हे खरं का? (वाचक, नाशिक)

अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं नेमकं कुठलं हे समजून घेतलंत तर तुमची ट्रिप छान होईल.

खरं काय ते आधी सांगते. वादळाच्या दिवशी गुलमर्गच्या डोक्यावरच्या अफरवट डोंगराच्या उघड्या उतारांवर वारा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकत असतो, समोरचं काही दिसत नसतं, आणि अशा वेळी खाली झाडांत वारा कमी, खोडांमुळे उताराचा अंदाज येतो, आणि गोंडोलाच्या मधल्या कोंगडोरी स्टेशनपासून खाली गुलमर्गपर्यंतचे बरेच उतार तसे सौम्यच आहेत. त्यामुळे वर जाण्यापेक्षा खाली झाडांत थांबणं हा निर्णय चांगलाच आहे. जंगल ॲव्हलांच अडवतं हेही काही आजचं ज्ञान नाही, स्वित्झर्लंडमधल्या आंडरमाट गावाने डोक्यावरच्या जंगलातलं झाड तोडायला १३९७ सालीच लेखी बंदी घातली होती, कारण ते जंगल गेलं तर गाव गेलं हे त्यांना कळत होतं.

पण ते जंगल कसलं असतं ते बघा. हेक्टरी शेकडो खोडं, फांद्यात फांद्या. आभाळातून पडणारा बर्फ आधी फांद्यांवर अडतो, मग गठ्ठ्यागठ्ठ्याने खाली कोसळतो, त्यामुळे जमिनीवर एकसारखे थर बसतच नाहीत, सगळं खडबडीत आणि तुटक राहतं, आणि जे काही बसतं त्याला खोडं धरून ठेवतात. अशा जंगलात तुम्ही स्की करू शकणार नाही, दोन वळणं घेतलीत की तिसऱ्याला झाड. आपण स्कीअर लोक शोधतो ते याच्या बरोबर उलट, चांगली सात-आठ मीटरची मोकळीक, मध्येच एखादं सुंदर मैदान, खाली उतरत जाणारी मोकळी पट्टी. तिथे फांद्या बर्फ अडवत नाहीत, खोडं काही धरून ठेवत नाहीत. जिथून तुम्ही मजेत वळणं घेत खाली येऊ शकता तिथून बर्फही येऊ शकतो, हे डोक्यात पक्कं बसवा.

दुसरं, तुमच्या आजूबाजूला झाडं आहेत पण डोक्यावर काय आहे? हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते आणि लोक सगळ्यात शेवटी विचारतात. वर मोकळा तीव्र उतार असेल तर तिथे सुटलेली ॲव्हलांच झाडांची रेषा आली म्हणून थांबत नाही, मोठी असेल तर जंगलात खोलवर घुसते. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात ॲव्हलांच येऊन दोन परदेशी स्कीअर गेले, बाकीच्यांना वाचवलं, आणि तेही मोठी बर्फवृष्टी होऊन गेल्यावर. म्हणजे तुम्ही खाली झाडांत असाल तरी वर काय साचलंय, वारा कुठून कुठे होता, आणि वरच्या उतारावर आत्ता कुणी चढतंय का, हे तुमच्याही कामाचं आहे.

आता झाडं स्वतःच काय सांगतात ते बघायला शिका, हे मला फार आवडतं म्हणून जरा लांबवते. एखाद्या फरसमोर, म्हणजे तिथल्या सूचीपर्णी झाडासमोर उभे राहा. खालच्या बाजूच्या फांद्या शाबूत आहेत आणि वरच्या, म्हणजे डोंगराकडच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत फांद्याच नाहीत, नुसते तुटके बुडखे, साल खरवडलेली, तर तिथून बर्फ येऊन गेलाय, एकदा नाही तर वारंवार. मग बाजूला नजर टाका, जुन्या उंच झाडांच्या मधोमध एक पट्टी आहे आणि तिच्यात सगळी झाडं एकाच उंचीची, कोवळी, किंवा नुसती भूर्जाची झुडपं, तर ती पट्टी ॲव्हलांचची वाट आहे, जुनी झाडं कधीतरी वाहून गेली आणि नंतर सगळी एकदम उगवली. तीच पट्टी वरून स्कीसाठी झकास दिसते, त्यामुळे मोह व्हायचाच. एक मात्र सांभाळा, बुंधा खाली वाकून मग वर सरळ झालेलं प्रत्येक झाड म्हणजे ॲव्हलांचचाच पुरावा असं नाही, बर्फ उतारावर हळूहळू सरकत राहतो त्यानेही कोवळी खोडं तशी वाकतात. तुटलेल्या फांद्या आणि खरवडलेली साल हा पुरावा जास्त पक्का.

कोन मोजा, नुसत्या डोळ्यांनी नको. काठी उताराच्या दिशेने, वरून खाली अशी बर्फावर ठेवायची आणि तिच्यावर फोन ठेवून कोनाचं ॲप बघायचं, दहा सेकंदांचं काम. स्लॅब ॲव्हलांच, म्हणजे वरचा अख्खा थर एकदम सुटतो त्या, बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. जंगलात गंमत अशी होते की एकूण उतार पंचवीस अंशांचा वाटतो आणि मध्येच एक छोटा टप्पा छत्तीसचा लागतो, खोडांमुळे तो लांबून दिसत नाही. पंधरा-वीस मीटर उंचीचा टप्पा म्हणजे काही नाही असं वाटतं, पण त्याच्या पायथ्याशी नाला असेल तर तेवढा बर्फही माणसावर दोन मीटर चढतो. बाबारेशीच्या बाजूला उतरताना नाल्यात उतरून थांबायची, फोटो काढायची सवय असते लोकांची, ती सोडा. थांबायचं ते उंचवट्यावर, दाट झाडांच्या आड, वरून येणाऱ्या रेषेच्या बाहेर.

आणि झाडांमुळे एक गोष्ट उलट वाईट होते. उघड्यावर ॲव्हलांचने नेलं तर बर्फाखाली गुदमरण्याचा धोका, झाडांत त्याआधीच खोडावर आपटण्याचा. कॅनडातल्या मृत्यूंचा अभ्यास झालाय, त्यात साधारण एक चतुर्थांश माणसं गुदमरून नव्हे तर मार लागून गेली होती. म्हणून उघड्यावर जिथे मी म्हणेन की छोटीशीच आहे, सुटली तरी चालेल, तिथे झाडांत मी तसं म्हणत नाही.

निघण्याआधीचं थोडक्यात. डीजीआरई, म्हणजे पूर्वीची सासे, ही संरक्षण खात्याची संस्था जिल्हावार ॲव्हलांचचा इशारा देते, गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, तो सकाळी बघा. पण जिल्हा केवढा आणि तुमचा उतार केवढा, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका, स्की पेट्रोलच्या लोकांना जाऊन भेटा, काल काय सुटलं, वारा कुठला होता ते त्यांना विचारा, ती माणसं रोज तिथे असतात. चालताना पायाखाली ढप्प असा आवाज होऊन बर्फ बसला, स्कीच्या टोकापासून भेगा पळाल्या, किंवा आजूबाजूला ताजी ॲव्हलांच दिसली, तर तीव्र उताराचा प्लॅन तिथेच रद्द, चर्चा नको. चोवीस तासांत फूटभर बर्फ पडला असेल तरी तेच. आणि वादळानंतरचा पहिला निळाभोर दिवस, त्या दिवशी डोळ्यांत तेल घालून राहा. चौघांकडे बीकन (पुरलेल्या माणसाचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), शॉव्हेल (फावडं) हवंच, आणि ते वापरायची प्रॅक्टिस हॉटेलच्या मागच्या बर्फात रोज करा, कारण पुरलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचायची शक्यता खूप असते आणि त्यानंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरून मदत तेवढ्यात पोचत नाही, तुमचे मित्र म्हणजेच तुमची मदत.

प्रश्न : ताई, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या कॅलगरीला शिकतोय. एएसटी १ हा ॲव्हलांचचा प्राथमिक कोर्स केलाय. रॉजर्स पासला झाडांच्या पट्ट्यात आम्ही थर बघायला पिट, म्हणजे बर्फात खड्डा खणला, ईसीटी केली, म्हणजे कापून सुट्या केलेल्या बर्फाच्या कॉलमवर टॅप मारून बघितलं, काहीच तुटलं नाही. तिथून थोडं वर एका मोकळ्या जागेत दुसऱ्या ग्रुपचा कॉलम अकराव्या टॅपला अख्खा तुटून पुढे आला. आता पिटवर विश्वास ठेवायचा की नाही? (वाचक, कॅलगरी)

दोन्ही पिट खरं बोलत होते, हे आधी लक्षात घे. तुझ्या खालचा बर्फ आणि त्यांच्या खालचा बर्फ वेगळाच होता.

तुमच्या त्या भागात हा प्रकार बहुतेक वेळा सरफेस होरमुळे होतो. आभाळ निरभ्र, वारा नाही, हवेत दमटपणा, अशा रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे उभे स्फटिक वाढतात, सकाळी उन्हात चमचमतात, त्यांच्यावरून स्की करताना काचेचा चुरा हलल्यासारखा आवाज येतो, फार देखणा प्रकार. मग त्यावर नवा बर्फ पडतो आणि ते स्फटिक तसेच उभेच्या उभे खाली गाडले जातात. वर घट्ट थर, खाली हा नाजूक थर, तव्यावर सुटलेली भाकरी जशी अख्खी सरकते तसा वरचा थर अख्खा सरकतो. उघड्या माथ्यावर वारा हे स्फटिक मोडून टाकतो, ऊन वितळवतं. दाट झाडांखाली ते तयारच होत नाहीत, कारण फांद्यांचं छप्पर रात्रीची थंडी अडवतं, आणि झालेच तर वरून पडणारे गठ्ठे त्यांना चिरडतात. मग ते टिकतात कुठे? वारा नाही, ऊन कमी, पण वर आभाळ उघडं अशा जागी, म्हणजे झाडांमधल्या मोकळ्या मैदानांत आणि झाडांच्या रेषेच्या आसपास. म्हणजे जिथे आपल्याला सुरक्षित वाटतं आणि जिथे स्की सगळ्यात छान होतं, अगदी तिथेच. आणि ते लवकर बरे होत नाहीत, आठवडेच्या आठवडे तसेच राहू शकतात.

म्हणून पिट कुठे खणला हा अर्धा प्रश्न. तू खोडाजवळ, फांद्यांखाली खणला असशील तर तिथे थर आधीच मोडलेले, तिथे काही न तुटणं यात नवल नाही. फांद्यांच्या घेरापासून चांगलं लांब, जिथे गठ्ठे पडल्याचे खड्डे नाहीत, पूर्वी कुणी स्की केलेलं नाही, आणि ज्या मोकळ्या उतारावर जायचंय त्याच्याच दिशेचा, त्याच्याच उंचीचा, त्याच्याच कोनाचा पण खाली लांब मोकळा सोडलेला छोटा उतार निवड, सुटला तरी तुला कुठे नेणार नाही असा. आधी प्रोब दहा ठिकाणी खुपसून बघ, बर्फ सगळीकडे सारखाच खोल लागतो का, नाहीतर खाली आडवं पडलेलं झाड असायचं आणि तू त्यावरच पिट खणायचास.

मग भिंत उभी सरळ कापून घे, शॉव्हेलने घासून गुळगुळीत कर, आणि टेस्टच्या आधी नुसतं बघ. बोटाने वरून खाली दाबत ये, कुठे घट्ट, कुठे एकदम मऊ. सरफेस होरचा थर भिंतीत राखाडी रेघेसारखा दिसतो, कधीकधी जेमतेम बोटभर जाडीचा, हातमोज्यावर थोडं घेऊन बघितलं तर पिसांसारखे स्फटिक सुटे सुटे दिसतात. तो दिसला की अर्धं उत्तर मिळालं. मग ईसीटी, ९० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर आत, दोरीने मागून कापलेला कॉलम, एका टोकाला शॉव्हेल ठेवून दहा टॅप मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. बघायचं ते किती टॅपला तुटलं एवढंच नाही, तुटल्यावर भेग त्याच टॅपला किंवा पुढच्याच टॅपला पलीकडच्या टोकापर्यंत गेली का, हे महत्त्वाचं. गेली म्हणजे बर्फ भेग पुढे न्यायला तयार आहे. त्या ग्रुपचं तेच झालं. कमजोर थर मीटरभरापेक्षा खोल असेल तर मात्र ही टेस्ट फारसं काही सांगत नाही, ते लक्षात असू दे.

आता तुझा मूळ प्रश्न, विश्वास ठेवायचा की नाही. पिटने नाही म्हटलं तर ऐकायचं. पिटने काही म्हटलं नाही तर त्याचा अर्थ हो असा कधीच घ्यायचा नाही. एका पिटच्या भरवशावर सकाळच्या फोरकास्टमधला धोका खोडून काढायचा नाही. दिवसभर छोट्या गोष्टी करत राहा, चढताना वळणावर ट्रॅकच्या वरचा छोटा तुकडा कापून हाताने खेचून बघ, काठी उलटी करून थर चाचपत राहा, प्रत्येक मोकळ्या जागेच्या काठावर थांबून परत बघ. आणि त्या दिवशी, वरच्या ग्रुपचं कळल्यावर मी काय केलं असतं विचारशील तर, मोकळी मैदानं सगळी सोडली असती, तीस अंशांच्या खाली राहिले असते, आणि तरी दिवस मस्त गेला असता. बाकी रॉजर्स पासला विंटर परमिटचे नियम रोज बघूनच आत शिर, हायवेसाठी तिथे तोफांनी बर्फ पाडतात, बंद भाग म्हणजे बंद.

प्रश्न : आम्ही सिॲटलला राहतो, मराठी मंडळातले सात-आठ जण मिळून बॅककंट्रीला, म्हणजे रिसॉर्टच्या बाहेरच्या डोंगरांत जातो. फोरकास्टमध्ये ट्रीलाइनच्या (झाडं संपतात त्या रेषेच्या) खाली मॉडरेट धोका असेल तर झाडांत बिनधास्त जायला हरकत नाही ना? (वाचक, सिॲटल)

बिनधास्त हा शब्द काढा, मग बोलू. पाच पायऱ्यांमधली ही दुसरी पायरी आहे, पण मॉडरेट म्हणजे काही ठरावीक जागी माणसाच्या वजनाने ॲव्हलांच सुटू शकते असा अर्थ आहे. आकड्यापेक्षा खाली लिहिलेला प्रॉब्लेम वाचा. ओल्या पृष्ठभागाचा किरकोळ प्रॉब्लेम असेल तर तो डोळ्यांना दिसतो, टाळता येतो. पण पर्सिस्टंट स्लॅब, म्हणजे खाली लवकर बरा न होणारा कमजोर थर, असं लिहिलं असेल तर तो मॉडरेट वेगळा, वरून काही खूण दिसत नाही, चार जण जाऊन येतात आणि पाचव्याला सुटते. आणि ट्रीलाइनच्या खाली म्हणजे नेमकं कुठे, तुमची उतरायची लाइन वर सुरू होऊन खाली झाडांत संपत असेल तर वरच्या पट्ट्याचं रेटिंगच तुमचं रेटिंग.

सात-आठ जण ही मला जास्त काळजीची गोष्ट वाटते, खरंच. तुमच्याच भागात, स्टीव्हन्स पासच्या हद्दीबाहेर टनेल क्रीकला १९ फेब्रुवारी २०१२ ला जे झालं ते तुम्ही ऐकलंच असेल, वर मोकळं कुरण, बाजूला जुनी मोठी झाडं, खाली बर्फ गोळा करणारी अरुंद घळ, ग्रुप मोठा आणि त्यातले बरेचसे कसलेले, त्यातली तिघं गेली. इतक्या जणांत कुणाला शंका आली तरी तो बोलत नाही, सगळे एवढे जाणकार आहेत तर आपण काय सांगणार असं वाटतं. तुमच्यातल्या सगळ्यात नवख्या माणसाला सकाळी पार्किंगमध्येच सांगून ठेवा की तुझं एक ‘नाही’ आलं तरी आपण परत फिरणार, कारण विचारणार नाही. आठांचे दोन ग्रुप करा, एकमेकांच्या डोक्यावर न येतील अशा वेगळ्या लाइन घ्या. उतरताना एकेक जण, आणि झाडांत एकेक म्हणजे छोटे छोटे टप्पे, कारण पन्नास मीटरवर माणूस दिसेनासा होतो. दिसत नाही तिथे आवाज द्या, शिट्टी ठेवा, रेडिओ असतील तर उत्तम.

प्रश्न : मी पुण्याची. पहिल्यांदाच झाडांत पावडर (ताज्या मऊ बर्फातल्या) स्कीइंगला जाणार आहे, बजेट बेताचं आहे, एअरबॅग घेऊ का? (वाचक, पुणे)

आधी बीकन, प्रोब, शॉव्हेल आणि कोर्स, त्यातून उरले तर एअरबॅग. एअरबॅग, म्हणजे ॲव्हलांचमध्ये फुगणारी पाठीवरची पिशवी, तुला बर्फाच्या वर ठेवायला मदत करते, पण खोडावर आपटण्यापासून ती वाचवत नाही आणि अरुंद नाल्यात वरून बर्फ साचत गेला तर तिथेही तिचा फार उपयोग नाही. म्हणजे झाडांत तिचा फायदा उघड्यापेक्षा कमीच. भाड्याने मिळत असेल तर घे, पण ती पाठीवर आहे म्हणून एरवी गेली नसतीस अशा उतारावर जाऊ नकोस.

तुझ्यासाठी मला ॲव्हलांचइतकीच दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते, ती म्हणजे ट्री वेल. खालपर्यंत फांद्या असलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती बर्फ कमी पडतो, पोकळी राहते, वरून मऊ बर्फाने झाकलेली, कळतही नाही. त्यात माणूस बहुतेक डोक्यावर पडतो, स्की वर अडकतात, धडपड केली तसा सैल बर्फ तोंडावर येत राहतो, आणि एकट्याने निघणं जवळपास अशक्य होतं. भरपूर ताजा बर्फ पडला असेल त्या दिवशी हा धोका सपाट वाटणाऱ्या सौम्य उतारावरही असतो. तर, खालपर्यंत फांद्या असलेल्या झाडांपासून लांब वळायचं, झाडाकडे न बघता झाडांमधल्या मोकळ्या जागेकडे बघायचं. पडतेयस असं वाटलं तर फांदी नाहीतर खोड पकड, डोकं वर राहील असं बघ. आत गेलीसच तर वळवळ न करता तोंडासमोर हाताने जागा करायची, हळू श्वास घ्यायचा. पार्टनर पडला तर वरून ओढायचं नाही, बाजूने खणत त्याच्या तोंडापर्यंत पोचायचं. हे सगळं जमायला पार्टनर नजरेच्या टप्प्यात असायलाच हवा, खाली जाऊन वाट बघणारा पार्टनर कामाचा नाही, कारण त्याला परत वर चढून यायला वेळ लागतो. आणि झाडांत शिरण्याआधी काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून टाक, पडलीस तर हात मोकळे हवेत.